सेसीच्या आईचा तंबू

माझी बायको पास्कालिना सव्वीस वर्षं रुआहाच्या जंगलात, नदीकाठच्या एका तंबूंच्या कॅम्पवर स्वयंपाकीण होती. गेल्या जूनमध्ये ती निवृत्त झाली. कॅम्पवाल्यांनी समारंभ केला, भाषणं केली, मोठा केक कापला. तो केक पहाटे उठून तिनेच भाजला होता. "दुसऱ्या कुणी भाजला असता तर मध्ये कच्चा राहिला असता," असं ती मला म्हणाली. म्हणजे राग आला होता, पण केकवर नाही.

भेट म्हणून तिला एक तंबू मिळाला. पाहुण्यांनी वापरलेला, हिरवा, दाराची चेन तुटलेला.

मी देओ, शिंपी. तुंगामलेंगाच्या बाजारात पिठाच्या गिरणीशेजारी माझं मशीन असतं, आणि मशीनपुढे एक बाकडं. गावातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल आधी त्या बाकड्यावर लागतो. तंबूचाही लागला.

"मका वाळवायला झकास आहे," गिरणीवाला म्हणाला.

"छे, सेसीच्या लग्नात मांडव होईल," शेजारची रेस्टिटुटा म्हणाली. सेसी म्हणजे आमची मुलगी. ती इरिंगाच्या दवाखान्यात नर्स आहे आणि लग्नाचं नाव काढू देत नाही.

पास्कालिना बाकड्याच्या टोकाला शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "मी झोपणार आहे त्यात."

"कुठे, अंगणात?"

"जंगलात. तीन रात्री. एकटी."

गिरणीवाल्याने उठून गिरणी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

"सव्वीस वर्षं तिथेच तर होतीस," रेस्टिटुटा म्हणाली. "जीव नाही का विटला?"

"मी जंगलात नव्हते गं, स्वयंपाकघरात होते. बाहेर जंगल होतं, एवढंच."

हे खरं होतं. कॅम्पवरचे पाहुणे जनावरं बघायला पहाटे सहाला निघतात, तेव्हा ती पाव भाजत असायची. दुपारी चारला पुन्हा निघतात, तेव्हा ती बटाटे सोलत असायची. जनावरं तिला दिसली नाहीत असं नाही. कोठीतले भोपळे चोरणारा हत्ती तिने पाहिलाय, तिचं सगळ्यात मोठं पातेलं पळवणारं तरस पाहिलंय, आणि एकदा स्वयंपाकघर आणि संडास यांच्या मधोमध एक रानरेडा दोन तास उभा होता, ती गोष्ट तर ती अजून दातओठ खाऊन सांगते. पण ही सगळी जनावरं तिच्याकडे काहीतरी उचलायलाच आली होती. आपण होऊन उठावं, जावं आणि एखादं जनावर त्याच्या घरी बघावं, हे काही झालं नव्हतं.

त्यातून रानकुत्र्यांची गोष्ट वेगळी. रानकुत्रे दिसले की पाहुणे नाचत परत यायचे. जेवताना दुसरा विषय नसायचा. पास्कालिना सूप वाढता वाढता ऐकायची. थंडीच्या दिवसांत कधीकधी, ती कणीक मळत असताना, नदीपलीकडून एक आवाज यायचा. हू... हू... रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर मारावी तसा. तिने कॅम्पचा गाईड रशिदी याला विचारलं होतं. रशिदी म्हणाला, "घुबड असेल, मावशी."

"घुबड एका जागेवरून ओरडतं. हा आवाज चालतो."

"मग चालणारं घुबड असेल," असं म्हणून तो गरम पाव उचलून पळाला होता.

मी तंबूची चेन बदलून दिली. जुनी काढून त्या जागी पोलिसाच्या कोटाला लावतात तसली जाड लावली. मला सोबत ये म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण शाळा उघडायला आठ दिवस होते आणि चाळीस गणवेश कापून पडले होते. शिवाय तिने 'एकटी' हा शब्द ज्या प्रकारे उच्चारला होता, तो मी सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता.

सेसीचा फोन आला. "बाबा, आईला वेड लागलंय का?"

"लागलं असेल तर तिला शोभतंय," मी म्हणालो.

"तुम्ही तिला अडवत का नाही?"

"तू अडवून बघ. मी फोन तिच्याकडे देतो."

फोन कट झाला.

गाडी माझ्या पुतण्याची, ओबेदीची. तो गाड्या दुरुस्त करतो आणि स्वतःची जीप मात्र दोरीने बांधून चालवतो. पास्कालिना कॅम्पचा ट्रक इरिंगाला भाजी आणायला नेत असे, त्यामुळे गाडीची तिला भीती नव्हती. "काकू, दुसरा गिअर जरा लाडका आहे, त्याला चुचकारून टाका," ओबेदीने सांगितलं. "आणि वाळूत थांबू नका. थांबलात की संपलं."

तिने बरोबर पाव घेतले, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, केळी, पिशवीभर मंदाझी, म्हणजे आमची तळलेली गोड पुरी, आणि चहाचं सामान. मंदाझी मी तळली होती. ती म्हणाली, "तीन दिवस मी चुलीवर चहाशिवाय काही ठेवणार नाही. कुणी उपाशी मेलं तरी चालेल, मी मेले तरी चालेल."

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण तिने ते बाकड्यावर बसून इतक्यांदा, सगळ्यांचे आवाज काढून सांगितलंय की मला आता स्वतः गेल्यासारखंच वाटतं.

जंगलाच्या गेटवर एक नवीन मुलगी होती, गणवेश कडक इस्त्रीचा. तिने जीपमध्ये डोकावून पाहिलं.

"पाहुणे कुठे आहेत?"

"पाहुणे नाहीत."

"मग कुणाला आणायला चाललात?"

"कुणालाही नाही. मी मुक्कामाला आलेय. माझा तंबू आहे."

मुलीने वहीत पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग पास्कालिनाच्या डोक्याच्या फडक्याकडे पाहिलं. "एकट्याच?"

"हो बाळ. लिही तिथे. एक."

मुलीने लिहिलं. मग हळूच विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जाईल की नाही याची."

मुक्कामाची जागा नदीच्या वळणावर, तीन गोरखचिंचांच्या खाली. तिथे याकोबो नावाचे एक म्हातारे राखणदार आहेत. झाडलोट करतात, सरपण देतात, आणि हत्तींना लांबूनच शिव्या घालून हाकलतात. त्यांची आणि पास्कालिनाची जुनी ओळख.

"या, या," ते झाडूवर रेलून म्हणाले. "पाहुणे मागून येतायत?"

"मीच पाहुणी, बाबा."

म्हाताऱ्याला वाटलं, थट्टा चाललीय. तंबू बाहेर निघाला तेव्हा मात्र ते झाडू टाकून बघत बसले. पास्कालिनाने आयुष्यात हजारदा तंबू उभे होताना पाहिले होते, पण उभारला एकही नव्हता. पहिल्यांदा तो तिच्या अंगावर पडला. दुसऱ्यांदा उभा राहिला, पण दार झाडाच्या बुंध्याकडे. तिसऱ्यांदा जमला, तेव्हा याकोबो डोळे पुसत होते, हसून हसून.

"आता एक सांगू का?" ते म्हणाले. "हा हत्तींचा रस्ता आहे. इथे लावाल तर ते रात्री तुम्हाला ओलांडून जातील."

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी सांगितलं असतं तर मला एवढं बघायला मिळालं असतं का?"

चौथ्यांदा तंबू योग्य जागी उभा राहिला.

संध्याकाळी ती नदीकडे तोंड करून खुर्चीत बसली. पाण्याची डबकी उरली होती, त्यात पाणघोडे दाटीवाटीने पडलेले, बाजार उठल्यावर राहिलेल्या पोत्यांसारखे. हरणं पाण्यावर आली. पलीकडचा डोंगर आधी तांबडा, मग जांभळा झाला. ही वेळ बटाट्यांची. तिच्या हातांना काही सुचेना. तिने ते मांडीखाली घेतले, मग शेंगदाण्यांची सालं काढली, मग उगीचच तंबूची दोरी सोडून पुन्हा बांधली. "डोळ्यांत धूर नसताना तो डोंगर कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं," ती म्हणते. "सव्वीस वर्षं मला वाटायचं, तो धुरकटच आहे."

तेवढ्यात याकोबोंनी आपली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुक्या मासळीचा रस्सा आणून ठेवला. "खा. जंगलात एकट्याने जेवू नये."

पहिला घास घेतला आणि तिच्या जिभेला पिठाची गाठ लागली. दुसऱ्या घासाला दुसरी.

"कशी झालीय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गरम आहे," पास्कालिना म्हणाली. याहून जास्त खोटं तिला बोलता आलं नाही. पण तिने सगळी संपवली. दुसऱ्या कुणीतरी शिजवून, ताटात वाढून, समोर आणून दिलेलं होतं ते.

त्या रात्री सिंह ओरडले म्हणे. तिला पत्ताच नाही, ती लाकडासारखी झोपली होती. सकाळी याकोबो म्हणाले, "काय घोरता हो तुम्ही! पलीकडचा सिंह बिचारा पहाटेपर्यंत उत्तर देत होता."

दुसऱ्या दिवशी ती चहा पीत असताना एक उघडी गाडी धुरळा उडवत येऊन थांबली. गाडीत चार पाहुणे आणि स्टिअरिंगवर रशिदी. गॉगल, टोपी, दातांत काडी.

"मावशी! तुम्ही इथे? पाहुणे कुठायत तुमचे?"

"आता पुन्हा कुणी हे विचारलं तर मी त्याला पातेल्यात घालीन," पास्कालिना म्हणाली. "मी माझी आलेय."

रशिदीने काडी काढली. "खरंच? एकट्या?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग ऐका. वायरलेसवर आलंय. उत्तरेच्या टेकडीपाशी रानकुत्रे बसलेत. मी चाललोय. तुमचा डबा पळत असेल तर या मागून."

पास्कालिनाने चहा तसाच ओतून दिला.

डबा पळाला, पण रशिदी जास्त पळाला. अर्ध्या तासात पुढे फक्त धुरळा दिसत होता. एका कोरड्या नदीच्या पात्रात उतरताना तिला दुसरा गिअर हवा होता. गिअर लाडात आला. तो चुचकारून पडेपर्यंत जीप पात्राच्या मधोमध थांबली होती, आणि ओबेदीने सांगितलं होतं तसंच झालं. चाकं वाळूत आसापर्यंत गेली.

ती उतरली, हातांनी थोडी वाळू उपसली, चाकाखाली सतरंजी घातली. तेवढ्यात काठावर फांदी मोडल्याचा आवाज झाला. ती आत बसली आणि दार हळूच ओढून घेतलं.

हत्ती पात्रात उतरले. नऊ. पुढे एक थोरली हत्तीण, तिचा एक सुळा तुटका. जीपपासून बारा-पंधरा पावलांवर तिने पायाने वाळू उकरायला सुरुवात केली. घाई नाही. खड्डा झाला तशी ती थांबली. पाणी झिरपलं, पण तिने ते प्यायलं नाही. पहिलं गढूळ पाणी सोंडेने बाहेर फेकलं आणि पुन्हा थांबली. दुसरं निवळ आलं तेव्हा प्यायली.

"मी डाळ धुते तशी," पास्कालिना सांगते. "अगदी तशी. पहिलं पाणी टाकायचं."

मग रांग लागली. आपल्या गावच्या नळावर लागते तशीच, तसेच धक्के, तसेच फुत्कार. एक पिल्लू मध्ये घुसून सोंडेऐवजी आख्खं डोकंच खड्ड्यात घालून बसलं. त्याच्या मावशीने त्याला मागच्या पायाने बाजूला सारलं. ते रुसून जीपकडे आलं, आणि त्याच्यामागे त्याची बहीण, वयात येणारी एक तरणी हत्तीण.

उकाडा होता म्हणून पास्कालिनाने काच अर्धी खाली ठेवली होती. त्या फटीतून तरणीची सोंड आत आली. ओली, केसाळ, टोकाला बोटासारखी. तिने आधी पास्कालिनाच्या डोक्याचं फडकं हुंगलं, मग खांदा, मग शेजारची सीट. मंदाझीच्या पिशवीवर ती थांबली.

एवढा वेळ पास्कालिना श्वास रोखून होती. पण पिशवी उचललेली पाहिल्यावर तिच्या तोंडून स्वयंपाकघरातला आवाज निघाला. "ए! ठेव ते! ठेव म्हणते ना!"

पात्रातले नऊच्या नऊ हत्ती स्तब्ध झाले. थोरलीने कान पसरले. पास्कालिनाला वाटलं, संपलं आता, देओ चाळीस गणवेश टाकून माझ्या मयताला येईल. पण थोरलीने नुसतं बघितलं, नाकातून एक मोठा सुस्कारा टाकला आणि पुन्हा पाण्याकडे वळली. तरण्या हत्तिणीने मात्र पिशवी ठेवली नाही. मंदाझी गेली, आणि दुसऱ्या फेरीत केळी आणि पावही गेले. पाव तिला आवडला नाही. तिने तो चावून वाळूत टाकला आणि वर पाय दिला.

"बेकरीचा होता," पास्कालिना म्हणते. "माझा असता तर टाकला नसता."

हत्ती तीन तास तिथे होते आणि ती तीन तास तशीच बसून होती. अंडी मांडीवर होती म्हणून वाचली. एक खाल्लं, मग दुसरं खाल्लं. तिला म्हणे रानकुत्र्यांची आठवणही झाली नाही.

दुपारनंतर रशिदी परत आला, दोर लावून जीप ओढून काढली. त्याच्या गाडीत चारही पाहुणे उन्हाने लाल होऊन गप्प बसले होते.

"दिसले?" तिने विचारलं.

"शेपूटसुद्धा नाही," रशिदी म्हणाला. "कुणीतरी कोल्हा पाहून वायरलेसवर बोंब मारली. दिवस फुकट गेला. तुम्हाला काय दिसलं?"

"मला? मला जेवणाची पंगत दिसली."

त्या संध्याकाळी तिच्याजवळ चार अंडी आणि मूठभर शेंगदाणे उरले होते. याकोबो चुलीवर पाणी ठेवून पीठ घेऊन बसले. तिने खुर्ची फिरवून पाठ केली. पण कानाला पाठ नसते. म्हाताऱ्याने पीठ एकदम ओतलं तो धप्प आवाज तिने ऐकला. चाटू कडेला नुसताच आपटत होता तो ऐकला. ती उठली.

"बाबा, सरका तिकडे."

"तुम्ही चुलीला हात लावणार नव्हता ना?"

"चुलीला नाही लावत. चाटूला लावते."

म्हाताऱ्याने ताट चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाले, "तीस वर्षं मला वाटत होतं, उगालीत गाठी असतातच."

तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून उजाडायचं होतं, तिला साडेचारला जाग आली. सव्वीस वर्षांची सवय. मळायला कणीक नव्हती. तिने अंगाभोवती दोन कांगे, आमच्याकडच्या बायकांची रंगीत वस्त्रं, गुंडाळले, चहा केला आणि पेला हातात धरून नुसती बसली. थंडी इतकी की श्वास दिसत होता.

आणि तो आवाज आला. हू... हू...

नदीपलीकडून, पण नदीजवळून नाही. पहाटेचा आवाज पाण्यावरून येतो तेव्हा जवळचा वाटतो, हे तिला ठाऊक होतं. अशा आवाजांवरूनच ती इतकी वर्षं पाहुण्यांच्या गाड्या किती लांब आहेत ते ओळखून चुलीवर दूध ठेवायची. ती थांबली. पुन्हा आला, या वेळी थोडा डावीकडे सरकलेला. त्याला दुसऱ्या बाजूने उत्तर आलं. मग दोन्ही आवाज खडकाळ टेकडीच्या मागे गेले.

उजाडल्यावर ती निघाली. या वेळी पळाली नाही. थोडं जायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. बबून माकडांचा कालवा कुठे चाललाय, गिनीकोंबड्या कुठे गप्प झाल्यात. टेकडीला वळसा घालून एका उजाड माळाशी आली. मधोमध मोठं जुनं वारूळ, त्याच्या बुडाशी बीळ. आणि बिळाच्या तोंडाशी एक कुत्री पडलेली.

"रंग म्हणशील तर भांडी पुसायच्या फडक्यासारखा," पास्कालिनाने मला सांगितलं. "काळा, पांढरा, हळदीचा, कुठे काय सांडलंय पत्ता नाही. आणि कान! देओ, डावासारखे कान. आमटी वाढता येईल."

त्या कुत्रीचा एक कान फाटलेला होता. वय झालेलं. बाकीचा कळप शिकारीला गेलेला, आणि ही मागे राहिलेली. थोड्या वेळाने बिळातून पिल्लं निघाली. एक, दोन, करता करता नऊ. त्यांनी तिची शेपूट ओढली, फाटका कान ओढला, दोन तिच्या पाठीवर चढली. एक माळावर लांब पळालं तेव्हा ती कंटाळून उठली, त्याला मानगुटीला धरून परत आणलं आणि बिळाशी आपटल्यासारखं ठेवलं. पुन्हा पडली. पुन्हा तेच पळालं. पुन्हा उठली.

असा तासभर गेला. मग पिल्लांनी एकदम माना वर केल्या.

कळप परत आला. चौदा कुत्रे, धावत, तोंडं रक्ताने माखलेली, आणि आवाज मात्र चिमण्यांसारखा. चिवचिव चिवचिव. पिल्लं त्यांच्या तोंडांना भिडली, आणि त्या मोठ्या कुत्र्यांनी पोटात आणलेलं मांस त्यांच्यापुढे ओकून टाकलं. पिल्लांची झुंबड उडाली. मोठ्यांपैकी कुणी त्यात तोंड घातलं नाही.

फाटक्या कानाची ती म्हातारी बाजूला उभी होती. ती हळूच एका दांडग्या कुत्र्याजवळ गेली आणि तिने त्याचं तोंड चाटलं. तो खाली वाकला आणि त्याने तिच्यापुढेही टाकलं. मग दुसरा आला. त्यानेही टाकलं. ती पोटभर जेवली. मग सगळे तिच्या अंगावर अंग टाकून उन्हात पडले.

पास्कालिना जीपमध्ये बसून रडली. मला हे तिने बाकड्यावर नाही सांगितलं, घरी सांगितलं. "देओ," ती म्हणाली, "शिकार करून आले होते ते. दमलेले. पण आल्याबरोबर घरी राहिलेलीला विचारलं." मी दिवा बारीक केला, मोठा केला. शेवटी तीच हसली. "आणि मला वीस-वीस माणसं गाडीतून उतरून विचारायची, आज जेवायला काय!"

परत येताना पुलाशी रशिदीची गाडी समोर आली. त्याचे पाहुणे आज शेवटचा दिवस म्हणून पहाटेपासून फिरत होते.

"मावशी, या बाजूला काही दिसलं का? खरं सांगा, माझी अब्रू जायची वेळ आलीय."

पास्कालिना सांगते, त्या क्षणी तिला फार वाईट वाटलं. याने कालच तिला वाळूतून ओढून काढलं होतं. पण तिला हेही ठाऊक होतं की रशिदीला सांगितलं म्हणजे वायरलेसला सांगितलं. दुपारपर्यंत बिळाभोवती दहा गाड्या उभ्या राहिल्या असत्या, आणि आईने पिल्लं एकेक उचलून भर उन्हात दुसरीकडे हलवली असती.

"दिसलं ना," ती म्हणाली.

"काय?"

"घुबड. चालणारं."

रशिदीचा जबडा खाली आला. तो मूर्ख नाही. त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मागच्या पाहुण्यांकडे पाहिलं, टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "किती?" त्याने ओठांतल्या ओठांत विचारलं.

"खाली नदीवर जा," पास्कालिना म्हणाली. "मोठ्या अंजिराच्या झाडापाशी माकडं कधीची ओरडतायत, वर बघून नाही, खाली बघून. बिबट्या असणार. पळ."

बिबट्या होता. झाडाच्या ढोलीशी, शिकार घेऊन. रशिदीच्या पाहुण्यांनी त्याला एवढं बक्षीस दिलं की त्याने नवीन गॉगल घेतला.

त्या दिवशी दुपारी पास्कालिनाने आयुष्यात पहिल्यांदा जंगलात दुपारची झोप काढली. याकोबोंनी तिला उठवलं नाही. चौथ्या दिवशी ती घरी आली तेव्हा वाळू तिच्या केसांत होती, कानांत होती, आणि तिच्या अंगाला हत्तीचा वास येत होता. मी तिच्यासाठी भात आणि चवळी करून ठेवली होती. चवळी लागली होती. तरी तिने दोनदा घेतली.

महिन्याने रशिदी साखरेचा पुडा घेऊन आमच्याकडे आला. "मावशी, आता पिल्लं मोठी झाली असतील, बीळ सोडून गेली असतील. आता तरी जागा सांगा."

"जागा सांगून काय करशील? तिथे आता वारूळ आहे फक्त."

"मग तुम्हाला सापडली कशी ते शिकवा."

हे मात्र तिने मनावर घेतलं. आठवड्यातून एकदा तो पहाटे येतो, आमच्या अंगणात दोघं चहा घेऊन डोळे मिटून बसतात आणि ती त्याला विचारते, हा कोण, तो कुठून, किती लांब. सुरुवातीला त्याने गिरणीवाल्याच्या कोंबड्याला रानातला पक्षी म्हणून सांगितलं होतं. आता बरा आहे.

कॅम्पवाल्यांना हे कळलं. त्यांनी निरोप पाठवला की नवी स्वयंपाकीण रजेवर जातेय, पंधरा दिवस येशील का. पास्कालिनाने उलट निरोप धाडला: येईन, पण एका अटीवर. जेवण सकाळी दहाला आणि रात्री आठला मिळेल, त्याच्या मधल्या वेळात कॅम्पवरच्या बायकांना, धुणंवाल्या, झाडूवाल्या, भांडीवाल्या, सगळ्यांना, एक गाडी. चालवीन मी.

त्यांनी बराच विचार केला. मग हो म्हणाले.

पहिल्या फेरीला सहा जणी होत्या, आणि सातवा मी, दारं नीट लागतात का बघायला म्हणून नेलेला. त्या दिवशी रानकुत्रे दिसले नाहीत. नदीच्या वळणावर एक सिंहीण पाणी पीत होती. पास्कालिनाने इंजिन बंद केलं. मागे सहा बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने, वीस वर्षं तिथल्या चादरी धुतलेल्या मातिल्दाने, तोंडावर कांग्याचा पदर धरून हळूच म्हटलं, "अगं बाई, जीभ किती गुलाबी आहे तिची!"

सिंहिणीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाणी प्यायला लागली. मातिल्दाचं हसू काही केल्या थांबेना.